समतोल कुणाचं ऐकतो?

थळच्या खत कारखान्यात अमोनिया प्लांटवर नोकरी करून निवृत्त झालेले मामा, आणि कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी त्यांची भाची. रासायनिक समतोल कसा शिकवावा यावर दोघांचा जुना वाद आहे. भाचीच्या मते ल शातेलिएचं तत्त्व हा या धड्याचा प्राण आहे. मामा म्हणतात, त्या तत्त्वानं मुलांचं समजणंच अडतं. प्रश्न फक्त परीक्षेच्या गुणांचा असता तर तो घरातच राहू दिला असता. पण शेतात पडणाऱ्या युरियातला नायट्रोजन ज्या अभिक्रियेतून येतो, तीच या वादाच्या मधोमध आहे. म्हणून तो इथे मांडला आहे.

भाची : मामा, मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते, की समतोलात असलेल्या मिश्रणावर बाहेरून बदल लादला, तर त्या बदलाचा परिणाम कमी होईल अशा दिशेनं मिश्रण सरकतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिएनं हे १८८४ मध्ये सांगितलं आणि १८८८ मध्ये सोपं करून पुन्हा मांडलं. दाब, तापमान, संहती, सगळं एका वाक्यात बसतं. मुलाला दिशा लगेच सांगता येते. याहून जास्त काय हवं?

मामा : दिशा सांगता येते, हे खरं. पण त्या वाक्यात कारण कुठे आहे? कुणीतरी बदल लादला हे मिश्रणाला कसं कळतं? तुझी मुलं लिहितात, ‘प्रणाली विरोध करते’. नायट्रोजनच्या रेणूला ना विरोध करायची इच्छा असते, ना आज्ञा पाळायची. तो भेटेल त्या रेणूवर आदळतो, एवढंच.

भाची : ती बोलण्याची पद्धत झाली. समतोल म्हणजे सगळं थांबलं असं नाही, हे मी आधी नीट समजावते. मांडव्याच्या धक्क्यावर बोटीतून जितकी माणसं उतरतात तितकीच चढत असली, तर धक्क्यावरची गर्दी तेवढीच दिसते, पण माणसं बदलत असतात. दोन्ही दिशांची अभिक्रिया एकाच वेगानं चालू असते, हे मुलांना तिथे पटतं.

मामा : मग तिथूनच पुढे जा ना! वेगांची बरोबरी सांगितलीस, की भागाकार आपोआप येतो. नॉर्वेतल्या गुल्डबर्ग आणि वागे या दोघा साडूंनी १८६४ मध्येच ती वाट दाखवली होती, ल शातेलिएच्या वीस वर्षं आधी. आपल्या अमोनियाचंच घे. एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन मिळून दोन अमोनिया. अमोनियाच्या दाबाचा वर्ग वर लिही. खाली नायट्रोजनचा दाब आणि हायड्रोजनच्या दाबाचा घन यांचा गुणाकार. समतोल झाला की हा भागाकार ठरावीक येतो, त्याला तुम्ही ‘के’ म्हणता. एरवी कुठल्याही क्षणी तोच भागाकार काढला की तो ‘क्यू’. क्यू लहान असेल तर अमोनिया तयार होईल, मोठा असेल तर मोडेल. विरोध नाही, इच्छा नाही.

भाची : पण मामा, आकड्यांच्या आधी माणसांना दिशाच दिसली होती. बर्टोले हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. तिथल्या नॅट्रॉन सरोवरांच्या काठावर त्याला धुण्याचा सोडा साचलेला दिसला. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले की मीठ आणि चुनखडी मिळते. इथे मात्र मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा बनत होता, म्हणजे तीच अभिक्रिया उलटी चालली होती. त्यानं ओळखलं, की सरोवरात मीठ अफाट आहे म्हणून हे होतंय. एका पदार्थाचं प्रमाण खूप वाढलं तर अभिक्रिया उलटते, हे कळायला त्याला भागाकार लागला नाही.

मामा : लागला नाही, आणि म्हणूनच ‘किती’ हे त्याला सांगता आलं नाही. त्याचं निरीक्षण मोठं होतं, यात शंका नाही. पण साठ-पासष्ट वर्षं ते तिथेच राहिलं. आता तू मला सांग, अमोनियाच्या मिश्रणाचं आकारमान निम्मं केलं तर काय होईल?

भाची : दाब वाढला, तो कमी करायला मिश्रण कमी रेणूंच्या बाजूला जाईल. डावीकडे चार, उजवीकडे दोन. म्हणजे अमोनिया वाढेल.

मामा : उत्तर बरोबर. आता माझ्या पद्धतीनं कर. आकारमान निम्मं, म्हणजे प्रत्येक वायूचा दाब दुप्पट. वर दोनाचा वर्ग, चार. खाली दोन गुणिले आठ, सोळा. भागाकार एकदम चौथ्या हिश्शावर आला. के जिथल्या तिथे आहे, क्यू घसरला. तो परत वर यायचा तर अमोनिया वाढायलाच हवा. उत्तर तेच, पण का ते दिसलं. आणि कुठे थांबेल तेही काढता येतं. तुझं तत्त्व थांबण्याची जागा सांगत नाही.

भाची : तिथे मुलं चुकतात, हे मान्य करते. नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी वायू पिचकारीत घेऊन दाबला, तर रंग आधी गडद होतो आणि मग थोडा फिका पडतो, कारण दोन-दोन रेणू जोडून रंगहीन वायू बनतो. ‘विरोध’ हा शब्द ऐकलेली बरीच मुलं लिहितात, की शेवटी रंग पहिल्यापेक्षाही फिका होतो. तसं होत नाही. तो दाबल्याच्या क्षणापेक्षा फिका असतो, पण दाबण्याआधीपेक्षा गडदच राहतो.

मामा : हेच तर म्हणतोय मी. बदलाचा परिणाम थोडा कमी होतो, पुसला जात नाही.

(इथवर मामांचं पारडं जड वाटतं. पण भाचीनं मांडलेली पुढची बाजूही तितकीच खरी आहे, आणि तिच्यात इतिहास आहे.)

भाची : आता माझं ऐका. अमोनिया दाबाखाली बनवावा, ही दिशा कुठून आली? ल शातेलिएनं स्वतः १९०१ च्या सुमारास नायट्रोजन आणि हायड्रोजन दाबाखाली एकत्र तापवून पाहिले. उपकरणात हवा शिरली होती, स्फोट झाला. त्यानं तो नाद सोडला आणि पुढे आयुष्यभर त्याला त्याची खंत राहिली. पण वाट बरोबर होती, हे बघा. ज्या माणसानं तत्त्व सांगितलं तोच त्या तत्त्वाचा हात धरून तिथे पोहोचला होता. अवघ्या आठेक वर्षांनी, २ जुलै १९०९ ला कार्ल्सरूहमध्ये हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ‘बीएएसएफ’ या रसायन कंपनीच्या माणसांसमोर अमोनियाचे थेंब पाडून दाखवले, तेही दाबाखालीच.

मामा : हाबर यशस्वी झाला तो मोजल्यामुळे. आधी त्यानं साध्या दाबाला सुमारे हजार अंश सेल्सियसवर मोजमाप केलं, तर अमोनिया निघाला एक शतांश टक्क्याच्या आसपास. नर्न्स्ट या दुसऱ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०७ मध्ये त्याचे आकडे खोडून काढले, तेही भर सभेत. मग हाबरनं रॉबर्ट ल रोसिन्योलला घेऊन सगळं पुन्हा मोजलं. त्या आकड्यांवरून त्याला कळलं, की जवळपास दोनशे वातावरण दाब आणि पाचशे-साडेपाचशे अंश तापमान ठेवलं तर हाती काही लागण्याजोगं मिळेल. ‘दाब वाढव’ हे तत्त्वानं सांगितलं. ‘एवढा वाढव’ हे भागाकारानं. आमच्या धंद्यात या दुसऱ्या वाक्यावर कारखाना उभा राहतो.

भाची : आणि तापमान? अभिक्रिया उष्मादायी आहे. नायट्रोजनच्या प्रत्येक मोलमागे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. मी उष्णता उजव्या बाजूला लिहायला लावते. तापवलं म्हणजे उजवीकडे भर घातली, म्हणून अभिक्रिया डावीकडे. थंड केलं तर अमोनिया जास्त. सरळ आहे.

मामा : सरळ आहे, पण त्यात फार मोठी गोष्ट झाकली जाते. दाब बदला, एखादा वायू घाला किंवा काढा, के हलत नाही, हलतो तो क्यू. तापमान बदललं की खुद्द के बदलतो. अमोनियासाठी २५ अंशांना के काही लाखांत आहे, आणि ४०० अंशांना तोच एक दशसहस्रांशाच्या घरात उतरतो. उष्णतेला पदार्थासारखं एका बाजूला लिहिलंस, की हा फरक मुलांच्या लक्षातच येत नाही. व्हान्ट हॉफनं १८८४ मध्ये तापमानानुसार के कसा बदलतो ते सूत्रातच दिलं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ चं, त्याला मिळालं.

भाची : बरं. के बदलतो हे मी सांगेन. पण दिशा तीच आली ना?

मामा : दिशा तीच. आता दिशेच्या भरवशावर कारखाना चालव बघू. तत्त्व म्हणतं, थंड ठेव. मोजलेले आकडेही तेच म्हणतात. १०० वातावरण दाबाला २०० अंशांवर मिश्रणात ८१ टक्क्यांहून जास्त अमोनिया असू शकतो, ४०० अंशांवर २५, ५०० अंशांवर जेमतेम साडेदहा. मग आम्ही दोनशे अंशांवर का नाही चालवलं? कारण तिथे अभिक्रिया पुढे सरकतच नाही. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात. म्हणून वेग वाढवणारा उत्प्रेरक लागतो. हाबरनं ऑस्मियम वापरला. तो महाग आणि दुर्मिळ. मग ‘बीएएसएफ’मधल्या मिटाशनं हजारोंनी नमुने तपासून लोखंडाचा उत्प्रेरक शोधला. त्यात अॅल्युमिना, पोटॅशियम असं काही मिसळलेलं असतं. त्याच कंपनीतल्या बॉशनं त्यावर १९१३ मध्ये ओप्पाऊचा कारखाना उभा केला. पण हा उत्प्रेरकही साडेतीनशे-चारशे अंशांखाली धड काम करत नाही. आणि उत्प्रेरक के बदलत नाही. दोन्ही दिशांना सारखाच वेग देतो. म्हणजे वेगासाठी तापवायचं, आणि तापवल्यामुळे के पडतो, तो तोटा दाबानं भरून काढायचा. ५०० अंशांवर १०० वातावरणाला साडेदहा टक्के, तर ३०० वातावरणाला सव्वीस. सगळा प्लांट या ओढाताणीवर बांधलेला आहे.

भाची : अमोनिया जिथे बनतो त्या कन्व्हर्टरमध्ये हे दिसतं का? पुस्तकात एकच तापमान लिहिलेलं असतं.

मामा : एकच तापमान कधीच नसतं! उत्प्रेरकाचे एकाखाली एक थर असतात, आम्ही बेड म्हणतो. पहिल्या बेडमध्ये वायू शिरतो पावणेचारशे-चारशे अंशांना. अभिक्रिया सुरू झाली की उष्णता सुटते, वायू खाली जाता जाता तापतो. बेडच्या तळाला पाचशेच्या घरात जातो. इकडे अमोनिया वाढतोय म्हणून क्यू वर चढतोय, आणि तिकडे तापमान चढतंय म्हणून के खाली येतोय. दोघे मध्येच गाठ घेतात. तिथून पुढे तो बेड कितीही लांब कर, एक टक्काही वाढत नाही. म्हणून तिथे वायूला थंड करायचं, एक तर थंड वायू मध्ये सोडून, नाही तर उष्णता विनिमयकातून फिरवून. थंड झाला की के पुन्हा वर जातो, मग दुसरा बेड. पुन्हा तेच. कंट्रोल रूममध्ये बसून बेडच्या तळाचं तापमान बघितलं, की समतोल कुठे आला ते आम्हाला कळायचं. एवढं करून बाहेर पडणाऱ्या वायूत अमोनिया किती? पंधरा-वीस टक्के.

भाची : आणि उरलेला वायू पुन्हा आत. अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घ्यायचा, न लागलेले नायट्रोजन-हायड्रोजन परत कॉम्प्रेसरमधून फिरवायचे. हे तर सरळसरळ तत्त्वच झालं. तयार पदार्थ काढून घ्या, अभिक्रिया पुढे जाईल.

मामा : झालं. इथे तुझ्या तत्त्वाला आणि माझ्या भागाकाराला एकच उत्तर येतं, मी नाकारत नाही. पण त्या फेऱ्यात एक पाहुणा असतो, आर्गॉन. नायट्रोजन आम्ही हवेतून घेतो, आणि हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन असतो. तो कशाशीच संयोग पावत नाही. मिथेनचाही थोडा अंश येतो. प्रत्येक फेरीत अमोनिया बाहेर जातो, हे आतच साचतात. आता तुझी मुलं काय सांगतील? आर्गॉन घातला तर समतोल कुठे सरकेल?

भाची : आकारमान ठरलेलं असेल तर कुठेच नाही. बाकीच्यांचे स्वतःचे दाब तेच राहतात.

मामा : आणि एकूण दाब ठरलेला असेल तर?

भाची : तर... आर्गॉनला जागा द्यायला बाकीच्यांचे दाब कमी होतात. जास्त रेणूंच्या बाजूला, डावीकडे. अमोनिया घटेल.

मामा : घटतो. आमचं उत्पादन खाली यायचं. म्हणून फेऱ्यातला थोडा वायू सतत बाहेर सोडावा लागतो, त्याला पर्ज म्हणतात. त्याच्याबरोबर मोलाचा हायड्रोजनही जातो. म्हणून तो पर्जमधून परत मिळवायची सोयही करतात. आता बघ, ‘आर्गॉन वाढवणे’ हा एकच बदल, आणि उत्तरं दोन. तत्त्वाचं वाक्य तू जसं लिहिलंस, त्यात काय स्थिर धरायचं हे नाही. भागाकारात ते लिहावंच लागतं.

भाची : वाक्य अपुरं असेल, चुकीचं नाही.

मामा : चुकीचंही ठरतं. कागद घे. एकूण दाब आणि तापमान स्थिर. मिश्रणात नायट्रोजन ६ मोल, हायड्रोजन २, अमोनिया २, आणि हे समतोलात आहे असं धर. एकूण दाब एक मानला, तर दाबांचे वाटे तीन पंचमांश, एक पंचमांश, एक पंचमांश. भागाकार काढ.

भाची : वर एक पंचविसांश. खाली तीन पंचमांश गुणिले एक सव्वाशांश. ८.३३.

मामा : हा के झाला. आता नायट्रोजन ४ मोल आणखी घाल. दिशा काय?

भाची : नायट्रोजन वाढवला, तर तो कमी करायला अमोनिया बनेल. आता भागाकार. एकूण १४ मोल. नायट्रोजन पाच सप्तमांश, हायड्रोजन एक सप्तमांश, अमोनिया एक सप्तमांश. वर एक एकोणपन्नासांश, खाली पाच सप्तमांश गुणिले एक त्रेचाळीसशेअंश... थांबा, सातचा घन तीनशे त्रेचाळीस. उत्तर एकोणपन्नास भागिले पाच, ९.८.

मामा : के किती होता?

भाची : ८.३३. क्यू मोठा झाला. म्हणजे अमोनिया मोडेल. नायट्रोजन घातला आणि आणखी नायट्रोजन तयार होईल!

मामा : होईल. नायट्रोजनचा वाटा निम्म्याहून जास्त असेल, आणि दाब स्थिर असेल, तर दर वेळी असंच होतं. नायट्रोजन घातल्यानं हायड्रोजन विरळ होतो, आणि तो भागाकारात घनानं बसलेला आहे.

भाची : पण मामा, प्रामाणिकपणे सांगा, असं मिश्रण तुम्ही कधी चालवलंत का? प्लांटमध्ये हायड्रोजन तिप्पट असतो.

मामा : नाही चालवलं. कुणी चालवणारही नाही. पण ज्या नियमाला तू धड्याचा प्राण म्हणतेस, तो याच अभिक्रियेत, चार ओळींच्या गणितात कोसळतो, हे मुलांना माहीत असायला हवं. आणि हे मी एकटा म्हणत नाही. पॉल एरेनफेस्टनं १९११ मध्येच दाखवलं होतं, की हे तत्त्व जसं सैल शब्दांत सांगतात तसं ते टिकत नाही. नीट बांधून मांडावं लागतं.

भाची : मग ल शातेलिएचं काहीच उरत नाही का? त्यानंच १८८८ मध्ये झोतभट्ट्यांची गोष्ट सांगितली आहे. लोखंडाच्या भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूत बराच कार्बन मोनॉक्साइड शिल्लक असायचा. लोकांना वाटलं, खनिजाशी संपर्क कमी वेळ होतो. म्हणून इंग्लंडमध्ये तीस मीटर उंचीच्या भट्ट्या बांधल्या. पैसा गेला, वायूतलं प्रमाण तेच राहिलं. अभिक्रिया समतोलाच्या मर्यादेशी येऊन थांबली होती. उंची वाढवून ती मर्यादा हलत नाही, हे त्यानं सांगितलं. ही समज त्या एका वाक्यातूनच माणसात रुजते. परिस्थिती बदला, मर्यादा बदलेल. नुसती वाट पाहून किंवा भट्टी वाढवून काही होणार नाही.

मामा : ही गोष्ट मला आवडली. आमच्या बेडची तीच गोष्ट आहे, लांब करून उपयोग नाही. पण बघ, यात तू ‘मर्यादा’ म्हणालीस, ‘विरोध’ नाही.

भाची : म्हणाले खरी. आणि तुम्हीही बेडचं सांगताना आधी दिशा सांगितलीत, मग आकडा. कंट्रोल रूममध्ये तापमान चढताना दिसलं, की तुम्ही भागाकार करत बसत होतात का?

मामा : नाही. हात आधी व्हॉल्व्हकडे जायचा. कुठे वळवायचं ते माहीत असायचं.

भाची : ते माहीत असणं म्हणजेच तत्त्व.

मामा : असेल. पण ते मला अंगवळणी पडलं भागाकार शेकडो वेळा केल्यावर. त्याच्या आधी नाही.

त्यांचा वाद इथे संपला नाही, आणि संपावा असंही नाही. माझं मत मात्र बनलं आहे. ल शातेलिएचं तत्त्व खोटं नाही. ज्याला भागाकार येतो त्याच्यासाठी ते झटपट अंदाजाचं उत्तम साधन आहे, आणि भाची म्हणते तसं, माणूस नेमक्या क्षणी आधी दिशाच शोधतो. पण कारण म्हणून ते शिकवणं चूक आहे. मिश्रण बदलाला विरोध करतं म्हणून समतोल सरकत नाही. क्यू आणि के वेगळे झाले म्हणून तो सरकतो, आणि बहुतेक वेळा आपल्याला त्यात विरोध दिसतो. बहुतेक वेळा, नेहमी नाही. अकरावीच्या मुलाला हा फरक पेलत नाही, असं मानणं त्याच्यावर अन्याय आहे. वर्ग, घन आणि अपूर्णांक त्याला आधीच येतात. लागतं तेवढंच गणित.

म्हणून रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. यंदा समतोलाचा धडा घ्याल तेव्हा अमोनियाचा भागाकार आधी फळ्यावर सोडवा. आकारमान निम्मं करून बघा, आर्गॉन दोन्ही तऱ्हांनी घालून बघा, सहा-दोन-दोनच्या मिश्रणात नायट्रोजन मुलांना स्वतः घालू द्या. तत्त्वाचं वाक्य त्यानंतरच्या तासाला लिहा.